कारणाचा रकाना रिकामा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, एक जुनी पद्धत आहे. ज्याचं चुकलं, त्याने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं, तोंड मंडळीकडे करायचं आणि काय चुकलं ते आपल्या तोंडाने सांगायचं. मला तसं उभं राहायचं होतं. कमिटीने राहू दिलं नाही. म्हणून या दिवाळी अंकात उभी आहे. नावं सगळी बदलली आहेत, माझं सोडून. मी अनिता. नाशकातल्या एका चर्चच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं सेक्रेटरी होते.

या अंकाचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नसतील, तेव्हा काम काय असतं ते आधी सांगते. लोकांना वाटतं चर्चच्या कचेरीत प्रार्थना चालते. तिथे रजिस्टरं चालतात. बाप्तिस्म्याचं एक, लग्नाचं एक, दफनाचं एक. शिवाय उपासनेचं रजिस्टर, त्यात दर रविवारी कोणी उपदेश केला आणि प्रभुभोजन किती जणांनी घेतलं ते लिहून पाळकांची, म्हणजे पाद्रीसाहेबांची, सही घ्यायची. पासपोर्टवाले येतात, शाळावाले येतात, आजोबांची कबर नेमकी कुठली यावर भांडणारे दोन भाऊ येतात. मी आले तेव्हा कपाटात झुरळं आणि कागद सारख्याच संख्येने होते. मी सगळ्याला अनुक्रमणिका केली. कुठलाही दाखला मी पाच मिनिटांत काढून द्यायचे आणि त्याचा मला गर्व होता.

एकदा एक रिक्षावाला आत आला. बाहेरची पाटी वाचून आला होता.

"मॅडम, तुमच्यात पाप कबूल केलं की माफ होतं म्हणे. फॉर्म कुठं भेटतो?"

"फॉर्म नसतो, दादा."

"मग पावती?"

"पावतीपण नसते."

"असं कसं? रामकुंडावर बुडी मारली तरी भटजी नाव-गाव-गोत्र विचारतात. तुमच्यात काहीच विचारत नाय?"

मी त्याला चहा दिला आणि लहानपणी नगरला माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं. आमच्या विश्वासात पाप म्हणजे नुसती वाईट कामं नव्हेत. माणूस देवाकडे पाठ करून उभा आहे, ते पाप. वाईट कामं त्या पाठ फिरवण्यातून येतात. ती पाठ माणसाला आपल्या जोरावर वळवता येत नाही. कितीही उपास करा, दान करा. म्हणून देव स्वतः फिरून समोर आला, वधस्तंभावर गेला आणि माणसाचं सगळं आपल्या अंगावर घेतलं. ते तारण. ते फुकट आहे, आणि ज्याची लायकी नाही त्यालाच ते मिळतं, कारण लायकी कोणाचीच नाही. पश्चात्ताप म्हणजे नुसतं वळून बघणं.

रिक्षावाला विचार करून म्हणाला, "म्हणजे लयच सोपं हाय. लोक ठेवत नसतील एवढं सोपं."

मी हसले होते. आज हसू येत नाही. तो माणूस चहा संपेपर्यंत जे ओळखून गेला, ते ओळखायला मला एकोणीस वर्षं लागली.

लोकांनी ते सोपं कसं ठेवलं नाही, तर असं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि नाताळला आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. ते तारणाचं चिन्ह, आमच्या विश्वासातली सगळ्यात मोठी गोष्ट. ते घेणाऱ्या सभासदांची यादी दर जानेवारीत नव्या वहीत हाताने उतरवायची. शेवटच्या पानावर लाल शाईत 'शिस्तीखालील सभासद', म्हणजे ज्यांचं काही चुकलं म्हणून ज्यांचं प्रभुभोजन बंद केलं आहे ते. रकाने तीन: नाव, कधीपासून, कारण.

कारणाचा रकाना रिकामा ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. माझ्याआधी कचेरी सांभाळणारे गुरुजी जाताना मला बजावून गेले होते, "पोरी, पाप लिहून ठेवू नये. चारचौघांच्या हाती वही जाते. माणसाची अब्रू राखावी." मला ते फार सभ्य वाटलं होतं. आता वाटतं, त्याहून असभ्य काही नाही. पाप विसरायचं आणि पापी तेवढा लाल शाईत लक्षात ठेवायचा.

त्या पानावर मला मिळालेलं एक नाव होतं: सुलोचनाबाई पवार. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. उंच, ताठ, पांढऱ्या साडीला इस्त्री. दर रविवारी ओझरहून यायच्या आणि सगळ्यात मागच्या बाकावर बसायच्या. त्यांना जावई घेऊन यायचा, संजय अहिरे, मूळचा देवळ्याचा, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. तो हिंदू. तो बाहेर चिंचेखाली स्कूटरवर बसून पेपर वाचायचा.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नाताळच्या उपासनेला सुलोचनाबाई उठल्या आणि प्रभुभोजनाच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. मी रांगेच्या तोंडाशी होते. हातात यादी. मी हात आडवा केला आणि म्हणाले, "बाई, तुमचं नाव यादीत नाही. बसून घ्या."

हळू म्हणाले होते, पण चर्चमध्ये हळू बोललेलं जास्त ऐकू जातं. त्या वळल्या, अख्ख्या मधल्या वाटेने चालत मागे गेल्या आणि बसल्या. पुन्हा कधी उठल्या नाहीत. मी घरी जाऊन नाताळचा फराळ केला. करंज्या चांगल्या झाल्या होत्या. हेही लिहिते, कारण मला त्या रात्री काहीही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये संजय पहिल्यांदा कचेरीत आला. चप्पल बाहेर काढून आला. मी म्हटलं, घाला हो, इथे काढायची नसते. तो तसाच उभा.

"मॅडम, आईंचं हृदय पार कमजोर झालंय. डॉक्टर म्हणाले, स्कूटरवर न्यायचं बंद. त्या मागं लागल्यात, एकदा ते तुमचं भाकरीचं घ्यायचंय म्हणून. घरी येऊन देता येतं का?"

"येतं. पाळक येतात घरी. पण त्यांचं..." मी वही उघडली. सवयच ती. "त्यांचं बंद आहे."

"हां. ते मला कधी कळलं नाय. आमच्याकडं देवळात प्रसाद कुणालाबी देत्यात, चोरालाबी. आईंना का नाय देत?"

"काहीतरी कारण असेल."

"काय?"

मी बोट ठेवून पाहिलं. रकाना रिकामा होता. असणारच.

तो म्हणाला, "पहिल्या रविवारी त्या घरून पाण्याशिवाय काही घेत नाय. मला वाटायचं, तुमच्यात त्या दिवशी उपास असतो. म्हणून मीपण कधी मिसळ खायला गेलो नाय. सासू उपाशी आत बसलीय आणि आपण रस्सा ओरपायचा, बरं दिसत नाय."

प्रभुभोजनाआधी पोटात काही घेऊ नये, असं जुनी माणसं पाळतात. म्हणजे ही बाई दर पहिल्या रविवारी तयारीनिशी येत होती. कोणी बोलावलंच तर असू द्यावं म्हणून.

पाळक थोरात वयाने तरुण, स्वभावाने चांगले. इतके चांगले की कोणालाही नाही म्हणता येत नाही, त्यामुळे कोणाला होही म्हणता येत नाही. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवू. ठेवलं. आमच्या कमिटीत गायकवाडकाका, रेल्वेतून निवृत्त होऊन मनमाडहून इथे आलेले, शब्दाला वजन. आणि शीलामावशी, महिला मंडळाच्या प्रमुख.

"बंद कशासाठी केलं होतं?" गायकवाडकाकांनी विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. शीलामावशी म्हणाल्या, "लग्नाचं काहीतरी होतं. का भांडणाचं होतं गं?"

"काहीतरी असेल म्हणूनच नाव आहे ना," काका म्हणाले. "कारण माहीत नसताना नाव काढायचं कसं?"

"कारण माहीत नसताना ठेवलं कसं?" मी म्हटलं.

"अनिता, तू नोंदी बघ. निर्णय आम्ही बघतो."

नोंदी बघ म्हणाले, म्हणून बघितल्या. मी सगळ्याला अनुक्रमणिका केली होती, फक्त सभांच्या इतिवृत्तांची कधी केली नव्हती, कारण इतिवृत्तं कोणी मागायला येत नाही. दोन दुपारी माळ्यावर बसून मी तीस वर्षांपूर्वीची वही काढली. कारण सापडलं. सुलोचनाबाईंच्या मुलीने, मार्थाने, देवळ्यात हिंदू पद्धतीने लग्न केलं. मार्थाचं नाव मंडळीतून काढलं. आणि आईने त्या लग्नात उभं राहून अक्षता टाकल्या, म्हणून आईचं प्रभुभोजन बंद. सहा महिने.

सहा महिने. मी ते दोनदा वाचलं. मग पानं उलटत पुढे गेले. सहा महिन्यांनंतरच्या सभेत ठराव होता: मुदत संपली, बाईंना पुन्हा मंडळीत घ्यावे, गुरुजींनी तसे कळवावे. त्याच्या पुढचा ठराव लाऊडस्पीकरचा होता, त्यावर अडीच पानं वाद. पुढच्या महिन्यात तेव्हाच्या पाळकांची बदली झाली. गुरुजींनी कळवलं नाही. विसरले. जानेवारीत जुन्या वहीवरून नवी उतरवली, नाव तसंच उतरलं. मग पुढच्या जानेवारीत. अकरा वर्षं त्यांच्या अक्षरात, एकोणीस वर्षं माझ्या. माझं अक्षर चांगलं आहे.

मुदतीचा रकाना नव्हता. कारणाचा रिकामा होता. त्या दोहोंपैकी एक जरी भरलेला असता, तरी एखाद्या जानेवारीत माझा हात थांबला असता, असं मी स्वतःला सांगते. खरं सांगायचं तर थांबला नसता. मी नावं उतरवत होते, माणसं नव्हे. तीस वर्षांत एकानेही त्या बाकापर्यंत चालत जाऊन विचारलं नाही की बाई, तुम्ही का येत नाही पुढे? चाळीस पावलं आहेत. मी नंतर मोजली.

दुसऱ्या सभेत मी ठराव वाचून दाखवला. मला वाटलं होतं, खोलीत कोणीतरी रडेल.

गायकवाडकाकांनी चष्मा पुसला. "वाईट झालं. पण झालं ते झालं. आता थोरातसाहेबांनी घरी जाऊन शांतपणे द्यावं. नियमाप्रमाणे बाईंनी पश्चात्तापाचे दोन शब्द बोलावेत, तेवढं पुरे."

"पश्चात्ताप त्यांनी?"

"नियम आहे."

"मग नियमाने आपण सगळे रविवारी मंडळीपुढे उभे राहू. मी पहिली राहते."

"आणि सांगायचं काय? चर्च चुकलं?"

"हो."

"तेव्हाचे कमिटीवाले आज हयात नाहीत. मेलेल्या माणसांची बेअब्रू करायची?"

शीलामावशी म्हणाल्या, "आणि ती तरी एकदा विचारायला आली का? तोंड होतं ना तिला!"

मी टेबलावर हात आपटला. कमिटीच्या टेबलावर मी आजवर फक्त चहाचे कप ठेवले होते. "आली होती," मी म्हटलं. "नाताळला. रांगेत. मी बसवलं तिला. तुम्ही पुढच्या बाकावर होतात, मावशी. तुम्ही मागे वळून बघितलंत."

 ही माणसं वाईट नाहीत, मला हेच सहन होत नाही. कोणी आजारी पडलं तर गायकवाडकाका रात्रभर दवाखान्यात बसतात. पण दर रविवारी तीच माणसं उभं राहून एका सुरात म्हणतात की आम्ही पापी आहोत, आणि कोणी एक पाप नाव घेऊन समोर ठेवलं की म्हणतात, मंडळीला काय वाटेल? सगळे मिळून पापी व्हायला कोणाची हरकत नसते. एकट्याने नको असतं.

रविवारच्या सूचना मीच वाचायचे. त्या रविवारच्या कागदावर मी चौथी सूचना लिहिली होती: सुलोचनाबाईंच्या बाबतीत मंडळी चुकली. काकांनी उपासनेआधी कागद मागून घेतला आणि ती ओळ खोडली. नीट, पट्टी ठेवून खोडली.

मंगळवारी दुपारी थोरातसाहेब आणि मी ओझरला गेलो. दार मार्थाने उघडलं. माझ्याच वयाची.

"या. आईला द्यायला आलात ना? द्या. मी आतच आहे, मला बोलावू नका. चहा ठेवते. तो माणुसकीचा, त्याचा तुमच्या देवाशी संबंध नाही."

सुलोचनाबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. साडीला इस्त्री होती. संजय दाराच्या चौकटीत उभा. मी आधी ठरावाचं सगळं सांगितलं. क्रमाने सांगितलं, तारीखवार. तसंच सांगता येतं मला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "मला तर कोणी मुदत सांगितलीच नव्हती."

संजय म्हणाला, "आई, म्हणजे माझ्या लग्नामुळं? माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं कशाला? यांच्यामुळं."

थोरातसाहेबांनी खुर्चीवर पांढरा रुमाल अंथरला, ताटली आणि पेला ठेवला. पुस्तक उघडून नेमलेला प्रश्न विचारला, केलेल्या पापांचा मनापासून पश्चात्ताप करता का?

"कुठल्या?"

थोरातसाहेबांनी पान उलटून पाहिलं. पुस्तकात तो प्रश्न कोणी उलटा विचारेल अशी सोय नाही.

"अक्षता टाकल्या त्याचं म्हणत असाल, तर नाही. पोरीचं लग्न होतं. उद्या पुन्हा लागलं तर पुन्हा टाकीन." त्या थांबल्या. दम लागत होता. "पण दुसरं आहे. दर पहिल्या रविवारी तुम्ही सगळे पुढे जाऊन ओळीने गुडघे टेकायचात. मला फक्त पाठी दिसायच्या. मी एकेक पाठ बघायचे आणि मनात म्हणायचे, याच्या घशात अडकू दे. हिच्या घशात अडकू दे. तीस वर्षं. उपाशीपोटी. ते पाप खरं आहे, पाद्रीसाहेब. त्याचं मला वाईट वाटतं. ते घ्या लिहून."

मी खाली बसले. "बाई, त्या नाताळात तुम्हाला मी बसवलं होतं."

"माहितीये की. तुझी पाठ डावीकडून तिसरी. तुझ्या वेळेला मी दोनदा म्हणायचे."

आतून कप आपटल्याचा आवाज आला. मार्था ऐकत होती.

"मला माफ करा," मी म्हटलं. एकोणीस वर्षं मी हे शब्द छापून दर रविवारी वाटले होते. समोर माणूस असताना एकटीने म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

"माफ झालंय का, ते मला आज सांगता यायचं नाही, अनिता. खोटं कशाला बोलू? पण ताटली एकच आहे. तू आधी घे, मग मी घेते. बघू अडकतं का."

खोकल्यासारखं काहीतरी त्यांच्या छातीतून आलं. त्या हसत होत्या.

थोरातसाहेबांनी घेतलं. मी घेतलं. मग त्यांनी सुलोचनाबाईंच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला. त्या तो बघत राहिल्या. मग त्याचे दोन केले. नर्सबाईंची बोटं, गोळी अर्धी करावी तशी अचूक.

"संजय, इकडे ये."

"आई, मला नाय चालायचं ते. मी तुमच्यातला नाय."

"तीस वर्षं बाहेर उभा होतास. आता आत ये."

आमच्या नियमाने ते त्याला देता येत नाही. बाप्तिस्मा नाही, नाव नाही, यादी नाही. थोरातसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी नियम सांगेन म्हणून. नियम मलाच पाठ असतात. मी काही बोलले नाही. ते खिडकीबाहेर बघायला लागले. संजय आला, रुमालाने हात पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून, आमच्याकडे कोणी घेत नाही तसं, देवळातल्यासारखं, तो अर्धा तुकडा घेतला. आधी कपाळाला लावला. मग खाल्ला. सुलोचनाबाईंनी आपला अर्धा चावून चावून खाल्ला.

मार्था चहा घेऊन आली. माझ्या कपात साखर नव्हती. विसरली असेल. मी विचारलं नाही.

बाई पावसाळा संपता संपता गेल्या. दफनाला घंटा वाजली. गायकवाडकाकांनी स्वतः दोर ओढला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते खरं होतं. तरी चौथी सूचना आजपर्यंत वाचली गेलेली नाही. मी एप्रिललाच कचेरी सोडली. किल्ल्या, रजिस्टरं, अनुक्रमणिका, सगळं यादी करून ताब्यात दिलं. शिस्तीखालच्या पानावरचं नाव काट मारून ठेवलं. काट मारली तरी खालचं वाचता येतं, तशीच मारली. पुढच्या बाईला दिसावं म्हणून.

सोडण्याआधी एक नोंद करायची राहिली होती. ओझरहून परतल्यावर मी उपासनेचं रजिस्टर उघडलं. तारीख. ठिकाण, घरी. पाळक. मग शेवटचा रकाना, प्रभुभोजन किती जणांनी घेतलं.

"तीन," थोरातसाहेब म्हणाले. पाळक, सुलोचनाबाई, मी.

मी चार लिहिलं आणि वही सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी आकडा पाहिला. त्या माणसाने आयुष्यात कधी कोणाला हो म्हटलेलं मी बघितलं नव्हतं.

त्यांनी सही केली.